चपला बाहेर, डिझाइन आत

शाळेत नवा विषय आला की स्टाफरूममध्ये आधी एवढंच पाहिलं जातं, की तो कोणाच्या गळ्यात पडणार. आमच्याकडे ‘डिजिटल मीडिया आणि डिझाइन’ आला तेव्हा गणिताच्या सरांनी वर्तमानपत्र उघडलं, विज्ञानाच्या बाईंनी तपासायच्या वह्यांचा गठ्ठा जवळ ओढला, आणि संगणकाचे सर कंत्राटी असल्यामुळे त्या महिन्यात ते नोकरीत होते की नव्हते यावरच एकमत होईना. उरलो मी. चित्रकलेच्या शिक्षकाची आठवण एरवी फलकलेखन, रांगोळीचं परीक्षण, पाहुण्यांच्या नावाची पाटी आणि गणपतीचं मखर एवढ्यापुरतीच होते. हेडसर म्हणाले, “तुमच्या एलिमेंटरीला डिझाइनचा पेपर असतोच की! तेच आता कॉम्प्युटरवर करायचं.”

हेडसरांचं अगदीच खोटं नव्हतं. राज्याचं कला संचालनालय एलिमेंटरीची जी परीक्षा घेतं, तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, भूमिती-अक्षरलेखन यांच्या पंगतीला संकल्पचित्रही बसलेलं असतं. संकल्पचित्र म्हणजे एक वर्तुळ किंवा चौकोन घ्यायचा आणि तो पानाफुलांनी, पक्ष्यांनी सजवायचा. या वर्तुळात पिढ्यानपिढ्या एकच पोपट बसलेला आहे. चोच डावीकडे, शेपटी वर्तुळाच्या कडेकडेने वळलेली, उरलेल्या जागेत जास्वंद. आईने जो पोपट काढून परीक्षा दिली तोच आता तिची मुलगी काढते. स्मरणचित्राची कथाही निराळी नाही. ‘बाजारातील दृश्य’ आलं की भाजीवालीसकट सगळा गाव पाठमोरा, कारण चेहरा काढणं अवघड. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आला तर पोरं खूश, कारण प्रत्येकाच्या तोंडावर छत्री ओढता येते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या या परीक्षांनी चांगले चित्रकार घडवले यात शंका नाही. पण कागदावर कोरी जागा दिसली की पेपर अर्धवट राहिला, ही धास्तीही त्यांनीच महाराष्ट्राच्या मनात भरवून दिली आहे, आणि ती पुढे शहाण्यासुरत्या, पदावरच्या माणसांच्याही मनातून जात नाही.

संगणक कक्षात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. का, ते कोणी विचारत नाही. आत प्रत्येक संगणकावर शिवणाच्या बाईंनी शिवलेलं फुलाफुलांचं झाकण आहे. खंडेनवमीला लावलेलं हळदकुंकू सीपीयूवर पुढच्या खंडेनवमीपर्यंत टिकतं. भिंतीवर ‘परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये’ अशी पाटी आहे. ती मीच रंगवलेली. एका संगणकावर चार मुलं. एक माऊस धरतो, दुसरा कीबोर्ड सांभाळतो, तिसरा पडद्याला बोट लावून “तिथे नाही रे, इथे” म्हणत राहतो, आणि चौथा यूपीएस कधी ओरडायला लागतो याच्यावर कान ठेवून असतो. मोठ्या कंपन्यांत लागलेले आमचे माजी विद्यार्थी सांगतात, तिथेही कामाची वाटणी अशीच असते. फक्त तिसऱ्याला पगार जास्त असतो.

पहिले काही तास पेंटचे. विंडोजच्या 1985 सालच्या पहिल्या आवृत्तीपासून हा प्रोग्राम कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. मुलांच्या हाती कोरा पडदा आणि हवे तेवढे रंग दिले, तर त्यांनी काय काढावं? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्या तालुक्यात नारळ मोसंबीपेक्षाही दुर्मीळ आहे, पण चित्रात तो लागतोच.

एका मुलीने झोपडीचं छप्पर काढलं, रंगाची बादली घेतली, लाल निवडला आणि छपरावर क्लिक केलं. क्षणात आभाळ लाल, नदी लाल, डोंगर लाल. “सर, हँग झाला!” अशी आरोळी उठली. आम्ही भिंगाचं चित्र दाबून छपराची रेघ मोठी करत नेली. इतकी, की रेघ जाऊन तिथे काळ्या चौकोनांच्या पायऱ्या दिसायला लागल्या. मुलं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून एकेक पायरी तपासत होती. उजव्या कोपऱ्यात दोन पायऱ्यांच्या मधे एक चौकोन काळा व्हायचा राहिला होता. तिथूनच रंग बाहेर पळाला होता. पुस्तकातली पिक्सेलची व्याख्या कोणालाच कळली नव्हती. चोर सापडल्यावर सगळ्यांना कळली. मग कंट्रोल आणि झेड दाबून आभाळ धुऊन काढलं, फट बुजवली, आणि छप्पर एकटंच लाल झालं. टाळ्या पडल्या. माझ्या उभ्या नोकरीत जलरंगाला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

या कंट्रोल-झेडचे परिणाम मात्र चित्रकलेच्या तासाला भोगावे लागतात. परवा एकाच्या कागदावर ब्रशचा थेंब सांडला. तो बराच वेळ त्या थेंबाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, “सर, इथे मागे कसं जायचं?”

खरी गंमत अक्षरांपाशी आली. फोनवर ही मुलं मराठी बोलतात पण लिहितात इंग्रजी अक्षरांत. शाळेच्या संगणकावर जुन्या पद्धतीचे फॉन्ट. त्यांत ‘क’ हा संगणकाच्या लेखी ‘क’ नसतोच. ते एखादं इंग्रजी अक्षर असतं, त्याला वरून धोतर-टोपी चढवलेली असते. तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली, की धोतर-टोपी गळून पडते. आमचं एक सस्नेह निमंत्रण पाहुण्यांकडे पोचलं ते इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांच्या रूपात. पाहुण्यांनी उलट फोन करून विचारलं, की हा पासवर्ड कशाचा आहे?

युनिकोड आल्यापासून हे दुखणं पुष्कळ बरं झालं. विंडोजबरोबर येणारा मंगल फॉन्ट मराठी माणसाने, र. कृ. जोशींनी आखला आहे, हे सांगितल्यावर नववी ब थोडा वेळ गप्प झाली. अक्षरं कोणीतरी बसून काढलेली असतात हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ती कीबोर्डातच उगवतात अशी सर्वसाधारण समजूत होती. मग मी त्यांना मराठी वळणाचा ‘ल’ आणि हिंदी वळणाचा ‘ल’ शेजारी शेजारी दाखवले, मराठी वळण कोणतं यावर सरकारने शासन निर्णय काढला आहे हेही सांगितलं. लगेच एक हात वर. “सर, ल चुकला तर अटक होते का?” होत नाही. होत असती तर गावातले निम्मे बोर्ड रातोरात उतरले असते.

तसं पाहिलं तर माध्यम आणि मांडणी हा धंदा मराठी शाळांना नवा नाही. हस्तलिखित कोण विसरेल? वर्षातून एक अंक, त्याची एकच प्रत, मुखपृष्ठावर मोर, आणि संपादकीयात ‘हे पुष्प आपल्या हाती देताना’ होणारा आनंद. ज्या मुलीचं अक्षर सुंदर ती सगळ्यांच्या कविता उतरवून काढून बोट सुजवून घ्यायची, आणि ज्याचं अक्षर कोणालाच लागत नाही त्याला संपादक करायचे. यंदा आम्ही तो अंक कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या साधनावर केला. या कॅनव्हाचं मूळही शाळेतच आहे. ऑस्ट्रेलियात मेलनी पर्किन्स यांनी आधी फ्यूजन बुक्स नावाचा उद्योग काढला होता, तो विद्यार्थ्यांना आपल्या शाळेचं वार्षिक संगणकावर स्वतः मांडता यावं म्हणून. त्यातून पुढे 2013 मध्ये कॅनव्हा आलं. आज आपल्याकडे साखरपुड्यापासून भावपूर्ण श्रद्धांजलीपर्यंत जे काही सकाळी सकाळी फोनवर येऊन पडतं, त्यातलं बरंचसं त्याच झाडाचं फळ.

सुंदर अक्षराची मुलगी यंदा बेकार होणार अशी मला धास्ती होती. ती पहिला दिवस हिरमुसून बसली. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हणायला लागली, “ह्या ओळी भांडतायत.” खरंच भांडत होत्या. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर मराठीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत पाय अडकवतो. हे तिला हाताने लिहून लिहून ठाऊक झालेलं, बाकीच्यांना दाखवूनही दिसेना. शेवटी सगळ्या पानांचं अंतर तिने ठरवलं आणि संपादकाने ‘अंतरंग सजावट’ म्हणून तिचं नाव सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत बारीक टाइपात टाकलं. तेही तिनेच एक पॉइंटने वाढवून घेतलं.

इथवर सगळं गोडीगुलाबीने चाललं, कारण गिऱ्हाईक नव्हतं. डिझाइनचं खरं शिक्षण गिऱ्हाईक आल्यावर सुरू होतं, आणि आमचं गिऱ्हाईक स्नेहसंमेलनाच्या आधी आलं.

व्यासपीठामागचा फ्लेक्स मुलांनीच करावा असं हेडसरांनी जाहीर केलं. मुलांनी जीव लावून केला. गर्द निळी पार्श्वभूमी, डावीकडे नाचणाऱ्या मुलीची नुसती पिवळी रेघारेघांची आकृती, उजवीकडे मोठ्या अक्षरात ‘स्नेहसंमेलन’, खाली साल. बाकी सगळा निळा रंग. मला तो बघून आपण खरोखर काहीतरी शिकवलं असा संशय आला.

हेडसरांनी पाहिलं. “छान आहे. पण ही जागा मोकळी का?”

एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, नजरेला विश्रांती मिळते.”

“विश्रांती मधल्या सुट्टीत. फ्लेक्सवाला स्क्वेअर फुटाने पैसे घेतो. मोकळ्या जागेचेही घेतो.”

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही डिझाइन स्कूलकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. मग मोकळी जागा भरायला घेतली. आधी सरस्वती आली. तिच्यामागून संस्थापक आले, त्यांना वगळणं अशक्य. मग विद्यमान अध्यक्ष, त्यांच्याहून किंचित लहान उपाध्यक्ष, आणि उपाध्यक्षांएवढेच सचिव. तेवढेच म्हणजे तेवढेच, हे सचिवांनी पडद्याला पट्टी लावून मोजलं. खजिनदारांचा फोटो ओळखपत्रावरून घेतला होता, त्यात ते फरार आरोपी वाटत होते, म्हणून त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचा दिला, त्यात ते नवरदेव वाटत होते. तो चालला. एकेक फोटो आला तशी नाचणारी मुलगी डावीकडे सरकत गेली. समया आल्या तेव्हा तिचा एक पाय कापला गेला. ‘सहर्ष स्वागत’ आलं तेव्हा दुसरा. शेवटी तिचा एक हात तेवढा उरला. तो आशीर्वादाचा आहे असं समजून त्याच्याखाली प्रमुख पाहुण्यांचं नाव घातलं.

फाइल घेऊन आम्ही बाजारपेठेतल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. याचे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे शेर आणि निवडणुकीच्या भिंती रंगवायचे, एका दमात वेलांटी मारायचे. फ्लेक्स आल्यावर मुलाने ब्रश ठेवला आणि कोरल ड्रॉ धरलं. त्याच्या भिंतीवर सगळ्या पक्षांचे भावी नगरसेवक गुण्यागोविंदाने नांदतात. त्याने फाइल उघडली आणि विचारलं, “कर्व्ह केलंय का?”

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मग त्याने समजावलं. अक्षरं अक्षरं म्हणून पाठवली आणि छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तर मजकुराचं वाटोळं होतं. म्हणून ती कर्व्ह करायची, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून टाकायच्या. पण एकदा कर्व्ह केलं की शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून आधी प्रूफ वाचायचं. “गावातले सगळे ‘हार्दीक शुभेच्छा’ कर्व्ह केल्यावर दिसलेले आहेत,” तो म्हणाला. खजिनदारांचा फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, मोठा केल्यावर त्याचे चौकोन दिसायला लागले. “फोटो म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो. डॉक्युमेंट करून पाठवायचा.” आमचा मोबाइलवर झळाळणारा निळा छापून मळकट का येणार तेही त्याने सांगितलं. पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडातून रंग करतो, मशीन निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. काही रंग उजेडाला जमतात, शाईला जमत नाहीत. हे माझ्याजवळच्या पुस्तकात दोन पानं आहे आणि त्याने ते पान थुंकून येईपर्यंत उरकलं.

एका मुलाने धीर करून विचारलं, “काका, तुम्ही सगळीकडे पिवळ्या अक्षराला लाल बॉर्डर आणि तिला परत पांढरी बॉर्डर का देता?” मला वाटलं, चिडणार. तो हसला. “गाडीवरून जाणारा माणूस बोर्डाकडे बघतो किती वेळ? मागे झाड असेल, वायरी असतील, दुसऱ्याचा बोर्ड असेल. ह्या सगळ्यातून अक्षर सुटून दिसलं पाहिजे.” नंतर आवाज खाली आणून म्हणाला, “आणि गिऱ्हाईकाला तेच आवडतं.” पहिलं वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतलं. दुसरं मी घेतलं.

फिल्मच्या धड्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यात शाळेची शोभा नाही. मोबाइल आणण्यास सक्त मनाई आहे. सापडला तर हेडसरांच्या कपाटात जातो. त्याच वेळी ‘स्वच्छता या विषयावर लघुपट करून आणा’ हा गृहपाठही आहे. सगळे लघुपट एकच असतात. एक मुलगा वेफर्सचं पाकीट टाकतो, ते स्लो मोशनमध्ये पडतं, बासरी वाजते, एक आजोबा वाकून ते उचलतात, मुलगा खजील होतो. चित्रीकरणानंतर ती पाकिटं कोणी उचलत नाही. पण कापाकापी मात्र अशी बेमालूम, की मी विचारलं, हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. बसमध्ये शिकले.

संमेलनाचा व्हिडिओही त्यांनीच केला. स्वागतगीताखाली एक सिनेमातलं गाणं घातलं, पण पट्टी ओढताना ते लांबत गेलं आणि मागे अध्यक्षीय भाषणभर वाजत राहिलं. ज्या ठिकाणी तो चढवला तिथल्या यंत्राने गाण्याचा हक्क दुसऱ्याचा म्हणून तेवढ्या भागाचा आवाज बंद केला. त्यामुळे अध्यक्षसाहेब संपूर्ण भाषण मूकपणे करतात. सगळ्यांत जास्त वेळा पाहिला गेलेला भाग तोच आहे.

आता त्याहून पुढची पायरी आली आहे. शिवजयंतीच्या चित्र-स्पर्धेत एकाने एआयकडून चित्र काढून, छापून आणलं. गड, भगवा, घोडे, सगळं झगझगीत. एका मावळ्याला सहा बोटं. वरती शीर्षकाच्या जागी देवनागरीसारख्या दिसणाऱ्या, पण कुठल्याच भाषेत न बसणाऱ्या वळवळत्या आकृत्या. परीक्षक थांबले, चष्मा पुसला आणि भरल्या आवाजात म्हणाले, “शाब्बास! मोडीत लिहिलंय!” पहिला क्रमांक त्यालाच गेला. तक्रार करायची तर मोडी वाचता येणारा माणूस आणावा लागला असता.

परीक्षा अर्थातच लेखी. ‘डिझाइन म्हणजे काय ते सांगून त्याचे चार फायदे लिहा.’ ‘फाइल सेव्ह करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.’ जो मुलगा एका अंगठ्याने चालत्या बसमध्ये गाणं, अक्षरं आणि कापलेली दृश्यं ठेक्यावर बसवतो, त्याला पाचवी पायरी आठवली नाही. जिने माऊसला कधी हात लावला नाही, ती नेहमीची पहिली आलेली मुलगी यातही पहिली आली.

पालकसभेत एका वडिलांनी मुद्द्याचं विचारलं. “सर, इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीला 7 मार्क वाढतात. ब ला 5, क ला 3. ह्याला किती?”

“ह्याला नाहीत.”

“मग कशाला?”

मी जेजेचं नाव घेतलं. मुंबईचं हे कला महाविद्यालय 1857 पासूनचं आहे. पण आमच्याकडे जेजे म्हणजे हॉस्पिटल. एक आई कळवळून म्हणाली, “जेजेला? अगं बाई, का, काय झालं?” मग मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. म्हटलं, आयआयटी मुंबईत 1969 पासून डिझाइन शिकवतात. बारावीनंतर यूसीड नावाची परीक्षा द्यायची, कुठल्याही शाखेचा मुलगा चालतो. ‘आयआयटी’ हा शब्द हवेत गेला आणि सभेचा नूरच बदलला. बाप माणसं खुर्चीत ताठ झाली. “जेईई न देता?” न देता. मागच्या रांगेत कुजबूज झाली, आणि कोणीतरी सगळ्यांच्या मनातलं बोललं, “त्याचा क्लास कुठे असतो?”

त्याच आठवड्यात, बुधवारी, डिझाइनच्या तासाला गणिताचे सर दारात उभे राहिले. चपला त्यांनी काढल्या नाहीत, ज्येष्ठ आहेत. “आजचा तास द्या. बीजगणिताचा भाग राहिलाय. तुमचं काय, नंतरही होईल.” चित्रकलेचे तास गणिताला द्यायची प्रथा इतकी जुनी आहे, की मी खडू आधीच खाली ठेवला होता. मुलं फायली सेव्ह करायला लागली, सगळ्या पायऱ्या क्रमाने.

सरांनी खिशातून घडी केलेला कागद काढून मला दिला. नातवाचं बारसं होतं. वर कुलदैवत, मग पंचवीसेक नावं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, आणि कोपऱ्यात पाळण्यासाठी खुणेचा गोल. “नववीतल्या पोरांना सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही त्यांना हेच शिकवता ना? आणि हो, आत्याचं नाव मोठं.”